शून्याखालचे आकडे

माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण चुकीचं आहे. त्यातलं मुख्य प्रमेय खरं नाही. हे मला प्रबंध सादर करण्याच्या आठ महिने आधी कळलं होतं. माझ्याही आधी ते आमच्यातल्या एका मुलीच्या लक्षात आलं होतं, आणि तिला मी खोटं पाडलं. सांगायचं आहे ते एवढंच. पण एवढंच लिहिलं तर कुणाला काही समजणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझं वय आता पंच्याऐंशी आहे.

साठीचं दशक संपत आलं होतं. घाटकोपरला दोन खोल्यांत आम्ही चौघं राहत होतो: आईवडील, धाकटी बहीण आणि मी. वडील कोकणातून येऊन गिरणीत लागलेले, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. मी अंधेरीकडच्या एका कॉलेजात गणित विभागात संशोधन करत होतो आणि सकाळचे दोन तास शिकवत होतो. कुर्ल्याला बस बदलून जायचो. झील डॉक्टर होतलो, म्हणजे मुलगा डॉक्टर होणार, असं वडील शेजाऱ्यांना सांगत असत. एकदा जेवताना मला म्हणाले, "तुझां गणित माका कळाचां नाय. पण ता बरोबर आसा मां?"

मी म्हटलं, आहे. तेव्हा मला खरोखरच तसं वाटत होतं.

माझा विषय असा होता. दोन पदार्थ तापवून एकजीव केले, म्हणजे समजा दोन धातू वितळवून एकत्र केले, आणि मग ते मिश्रण एकदम थंड केलं, तर पुष्कळदा ते एकजीव राहत नाही. आतल्या आत प्रत्येक पदार्थ आपल्या आपल्या लोकांकडे सरकू लागतो. कुठे एकाची बेटं तयार होतात, कुठे दुसऱ्याची. घरी आईला सांगताना मी सोलकढीचं उदाहरण दिलं होतं. सकाळी केलेली कढी दुपारपर्यंत तशीच ठेवली की वर दाट दूध येतं आणि खाली गुलाबी पाणी राहतं. आई म्हणाली, मग ढवळायची, त्यात डॉक्टर कशाला व्हायला हवं. उदाहरण तसं अगदी बरोबर नव्हतं, पण तिला समजलं.

हे सरकणं सांगणारं एक समीकरण अमेरिकेत दहाएक वर्षांपूर्वी मांडलं गेलं होतं. कोणत्या जागी, कोणत्या क्षणी, एका पदार्थाचं प्रमाण किती, हे त्यातून काढायचं. प्रमाण शून्य म्हणजे तिथे तो पदार्थ मुळीच नाही. एक म्हणजे तिथे तोच आहे, दुसरा नाही. आमच्याकडे त्या समीकरणाबद्दल फारसं कुणी ऐकलं नव्हतं. आमचे मार्गदर्शक असलेल्या सरांनी त्यावरचा निबंध कुठून तरी मिळवला आणि ते काम ती मुलगी आणि मी, अशा आम्हा दोघांत वाटलं. उत्तर अस्तित्वात आहे का, एकच आहे का, ते किती मोठं होऊ शकतं, हे सिद्ध करण्याचा भाग माझा. प्रत्यक्ष आकडे काढून बघण्याचा भाग तिचा.

ती अंधेरीच्या जुन्या गावठाणातली. घर ख्रिस्ती, घरात मराठी, पिढ्यान्‌पिढ्या भातशेती. त्यांची खाचरं औद्योगिक वसाहतीत गेली होती आणि वडील तिथल्याच एका कारखान्यात पहारेकरी झाले होते. आपल्याच शेतात खाकी कपडे घालून उभा राहतो माझा बाप, असं ती हसत सांगायची. घरात पदवीपर्यंत गेलेली ती पहिलीच. विभागात अधिव्याख्यात्याची एक कायमची जागा निघणार होती, आणि जिचा किंवा ज्याचा प्रबंध आधी पुरा होईल त्याला ती मिळणार हे सगळे धरून चालले होते. माझ्यापेक्षा तिचं काम पुढे होतं.

आमच्यात तिसरा एक होता, बोरिवलीहून यायचा, संख्याशास्त्राचं काम करायचा. त्याचा या समीकरणाशी काही संबंध नव्हता, पण खोली एकच असल्यामुळे त्याचा सगळ्याशीच संबंध असे. टिंगल करण्यात पटाईत. मनानं वाईट नव्हता.

माझं प्रमेय साधं वाटेल असं होतं. सुरुवातीला प्रमाण सगळीकडे शून्य आणि एक यांच्या मध्ये असेल, तर ते पुढेही कायम शून्य आणि एक यांच्या मध्येच राहील. ऐकणारा म्हणेल, यात सिद्ध काय करायचं? भांड्यात उणे तांबं कसं असेल? तीच माझी चूक झाली. उष्णता पसरण्याच्या जुन्या समीकरणाला ही गोष्ट लागू पडते, तिची सिद्धता आम्ही एम.ए.ला पाठ केलेली. नवं समीकरण त्याहून दोन पायऱ्या वरचं होतं. उतार काढायचा, त्याचा उतार, असं चारदा. मी जुनी सिद्धता त्यावर बसवली. एका ठिकाणी, जिथे प्रमाण शून्य ओलांडून खाली जातं अशी कल्पना करायची असते, तिथे एक जास्तीचं पद उरतं. ते धन आहे की ऋण हे सांगता येत नाही. मी ते पद लिहिलंच नाही. मुद्दाम नव्हे. ते तिथे असू शकतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही, कारण उत्तर काय यायला हवं ते मला आधीच ठाऊक होतं. सरांनी वाचलं, मान डोलावली. ते प्रमेय आमच्या विभागाच्या वार्षिक पत्रिकेत माझ्या एकट्याच्या नावानं छापून आलं. वडिलांनी तो अंक देव्हाऱ्याशेजारी ठेवला. त्यातलं एक अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं.

ती आकडे काढायची ते हातानं फिरवायच्या यंत्रावर. दांडा पुढे फिरवला की बेरीज, मागे फिरवला की वजाबाकी. वजाबाकी शून्याच्या खाली गेली की आत घंटी वाजायची, म्हणजे मग उत्तर उलटं वाचायचं. दिवसभर त्या खोलीत दांड्याची खरखर असे आणि अधूनमधून घंटी. मधल्या हिशेबात घंटी वाजतेच, तिचं कुणाला काही नसे.

एका दुपारी घंटी वाजली आणि खरखर थांबली. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "ए, हे बघ ना जरा."

तिनं सुरुवात सोपी धरली होती. डाव्या बाजूला सगळा एक पदार्थ, उजव्या बाजूला सगळा दुसरा, मध्ये खडी पायरी. समीकरणाप्रमाणे पुढे सरकत गेलं की पायरी हळूहळू गुळगुळीत व्हायला हवी. ती होत होती. पण पायरीच्या पायथ्याशी एका जागी प्रमाण उणे आलं होतं. उणे शून्य दशांश शून्य तीन.

तिसरा लगेच उठून आला. "उणे? वा. आज डब्यात काय मग, उणे भात?"

ती हसली नाही. मला म्हणाली, "तुझं प्रमेय म्हणतं हे होणार नाही."

मी म्हटलं, अंतरं मोठी घेतली असशील, किंवा दशांश तोडताना काहीतरी झालं असेल. म्हटलं खरं, पण मला स्वतःलाच ते पटलं नव्हतं. का ते तेव्हा सांगता आलं नसतं. माणसाला आपल्या घराची कुठली भिंत पोकळ आहे ते न ठोकताही माहीत असतं.

तिनं पुढच्या दोन आठवड्यांत अंतरं निम्मी करून सगळं पुन्हा काढलं. उणे आकडा गेला नाही. जागेवरच राहिला.

आता सरांचा एक नियम सांगतो. विभागात कोणाचाही तक्ता दुसऱ्याच्या हातून पुन्हा निघाल्याशिवाय सर त्याच्याकडे बघत नसत. दुसऱ्यानं पहिल्याचे आकडे न बघता, स्वतःच्या कागदावर, पहिल्या पायरीपासून सगळं करायचं. मग दोन्ही कागद शेजारी ठेवायचे आणि तक्त्याच्या तळाशी लिहायचं: जुळतं, किंवा जुळत नाही. खाली सही. सर म्हणत, शहाण्या माणसाची चूक त्याला स्वतःला कधी दिसत नाही, म्हणून दुसरा शहाणा लागतो. तिचे तक्ते तपासायला त्यांनी मला सांगितलं. समीकरण कळणारा मीच होतो. त्या आकड्यांवर माझं प्रमेय उभं किंवा आडवं होणार होतं, हे सरांनाही माहीत होतं. तरी त्यांनी मलाच सांगितलं. तेवढा त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

मी ते काम घरी आणलं. यंत्र घरी नव्हतं, म्हणून कागद आणि लॉगची पुस्तिका. तीन रविवार सकाळी खिडकीपाशी बसून केलं. तिसऱ्या रविवारी मी त्या जागेवर आलो. बहीण शेजारी बसून पुस्तकाला कव्हर घालत होती. वजाबाकी करताना मला दोनदा वाटलं की पेन्सिल थांबवावी आणि उठावं. पूर्ण केली. उणे शून्य दशांश शून्य तीन, आणि त्यापुढचा आकडाही तिचाच.

मी सिद्धता काढली आणि पहिल्यांदा, उत्तर माहीत नसल्यासारखी वाचली. अर्ध्या तासात ते सुटलेलं पद सापडलं. मग मला इतकी भीती वाटली की बहिणीनं विचारलं, दादा, तुला ताप आलाय का? कपाळाला हात लावला तिनं.

त्या भीतीबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे. कुणी मला मारणार नव्हतं. सर रागावले असते, कदाचित तेही नाही. ते म्हणाले असते, चूक सापडली, प्रकरण काढ, आणखी एक वर्ष लागेल. पण त्या वर्षात जागा तिला मिळाली असती. छापून आलेलं मागे घ्यावं लागलं असतं. तिसऱ्यानं ते सगळ्या कॉलेजात सांगितलं असतं. आणि वडील मला विचारणार होते, ता बरोबर आसा मां. खरं म्हणजे यातलं कुठलंही एक कारण पुरेसं नव्हतं. सगळी एकत्र आली आणि मला त्यांच्यातलं काही वेगळं काढता येईना. भीती वाटत होती एवढंच समजत होतं.

मी दुसरा कागद तयार केला. चौथ्या पायरीवर एक आकडा बदलला, अगदी थोडा, हातचा चुकल्यासारखा वाटावा इतकाच, आणि तिथून पुढचं सगळं त्या आकड्याप्रमाणे काढलं, म्हणजे पायथ्याशी प्रमाण शून्याच्या जरा वर राहील. त्याला तीन दिवस लागले. खोटं गणितसुद्धा आतून जुळावं लागतं. खरा कागद मी मोरीत जाळला आणि राख पाण्यानं लोटली. मग तिच्या तक्त्याच्या तळाशी लिहिलं, जुळत नाही, आणि सही केली.

तिला मीच सांगितलं. आधी सांगितलं नसतं तर संशय आला असता, असं मला वाटलं. ती बाकावर बसली होती. माझा कागद तिनं दोन्ही हातांनी धरून वाचला.

"तू सगळं केलंस ना रे परत? पहिल्यापासून?"

"हो."

"आणि चौथ्या पायरीला तुला हे आलं."

"हो."

"मग माझाच हात चुकला असेल," ती म्हणाली. पण तसं वाटत नव्हतं तिच्या चेहऱ्यावरून. ती म्हणाली, सरांसमोर चौथी पायरी पुन्हा करून दाखवते, मग कळेल कोणाचं काय ते. यात माझ्यावर संशय नव्हता. तिला फक्त कळून घ्यायचं होतं. मला मात्र वाटलं, संपलं. ती एक पायरी म्हणजे पंधरा मिनिटांचं काम. ती बरोबर केली की माझा खोटा आकडा सरांसमोर उघडा.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आम्ही चौघं त्या खोलीत होतो. सर खुर्चीवर, ती यंत्रापाशी, तिसरा खिडकीत, मी दाराजवळ. मी दाराजवळ उभा राहिलो ते पळून जाता यावं म्हणून. खरंच तसं मनात होतं. सरांनी दोन्ही कागद समोर ठेवले आणि म्हणाले, "कर बाई सावकाश. घाई नाही."

तिनं सुरुवात केली. ती यंत्रावर बसली की तिचा हात घड्याळासारखा चालायचा, आम्ही तिला तशी रोज बघत होतो. त्या दिवशीही पहिल्या दोन ओळी तो तसाच चालला. तिसरा म्हणाला, "सर, उणे तांब्याची किल्ली मिळेल का माझ्या कुलपाला?" सर जरासे हसले. ती थांबली. मागच्या ओळीत काय होतं ते पुन्हा बघितलं आणि दांडा फिरवला.

मी मनात देवाला म्हणालो, तिचा हात चुकू दे. आयुष्यात मी देवाकडे फार काही मागितलेलं नाही. ते मात्र मागितलं, आणि ते मिळालं. एक ओळ संपली की यंत्रातला जुना आकडा पुसून कोरा करावा लागतो, त्यासाठी बाजूला वेगळी कळ होती. ती कळ ओढायची तिच्याकडून राहिली. मी बघितलं. दाराजवळून मला स्पष्ट दिसलं. यंत्र जुना आकडा पोटात घेऊन पुढे गेलं. मी बोललो नाही.

तिचं उत्तर तिच्या तक्त्याशीही जुळलं नाही आणि माझ्या कागदाशीही नाही. सर म्हणाले, "हा तर तिसराच आकडा, बाई." तिनं पुन्हा केलं. आता ती घाईनं दांडा फिरवत होती, मागची ओळ बघायला थांबत नव्हती. चौथाच आकडा आला. तिनं तिसऱ्यांदा दांड्याला हात घातला तेव्हा सरांनी दोन बोटांनी तिचा तक्ता मिटला.

ते कठोर बोलले नाहीत. म्हणाले, एवढे महिने काम केलंस, थकली आहेस. पण आकड्यांचं काम करायचं तर आकड्यांवर हुकमत हवी. आणि शेवटी उणे प्रमाण ही गोष्ट निसर्गालाच मान्य नाही, तेव्हा शंका तिथेच यायला हवी होती. मग माझ्याकडे वळून म्हणाले, तू नीट तपासलंस, बरं झालं.

ती माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं मी काहीतरी बोलेन, की बाकीचे तक्ते चांगले आहेत, की तिला आणखी एकदा संधी द्या. साधं मित्र म्हणून. मी तेही बोललो नाही. तोंड उघडलं तर कुठला शब्द बाहेर येईल याची मला खात्री नव्हती.

दोन महिन्यांनी तिनं काम सोडलं. अंधेरीतच एका मुलींच्या शाळेत गणित शिकवायला लागली. माझा प्रबंध वेळेत गेला. तोंडी परीक्षेचा दिवस आला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चौथ्या प्रकरणाचं पान उघडलं, ते प्रमेय मोठ्यानं वाचलं, आणि म्हणाले, हे भौतिकदृष्ट्या अपेक्षितच आहे. पान उलटलं. मला पदवी मिळाली, आणि ती जागाही.

वडील निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी गिरणीतल्या चार जणांना घरी आणलं आणि माझी ओळख डॉक्टर म्हणून करून दिली. त्यातल्या एकानं आपला सुजलेला गुडघा मला दाखवला. सगळे हसले. मीही हसलो, आणि माझ्या लक्षात आलं की हसताना मी दाराकडे बघतो आहे.

तेव्हापासून दहाएक वर्षं मी असाच जगलो. परदेशी नियतकालिकाचा नवा अंक वाचनालयात आला की मी सगळ्यांच्या आधी जाऊन अनुक्रमणिका बघायचो. अभ्यासासाठी नव्हे. कुणाला ते सापडलं का, हे बघण्यासाठी. त्या समीकरणावर काही आलं की ते तिथेच उभ्याउभ्या वाचून काढायचो. सत्तरीच्या दशकाच्या मध्यावर कुणीतरी अगदी जाता जाता, दोन ओळींत लिहिलेलं मी वाचलं, की असा चारदा उतार काढायच्या समीकरणांत उत्तर शून्याच्या खाली जाऊ शकतं हे उघडच आहे. उघडच आहे. तो अंक मी पुस्तकांच्या मागे सरकवून ठेवला. आठवड्यानं वाचनालयाच्या बाईंनी तो शोधून जागेवर लावला. कुणी आलं नाही विचारायला. माझा प्रबंध कुणी वाचतच नव्हतं.

त्याच सुमारास मुलुंडच्या एका शाळेत दहावीच्या गणिताच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकांची बैठक होती. देखरेखीला मला पाठवलं होतं. वर्गात शिरलो तर दुसऱ्या बाकावर ती. मला बघून तिनं हात केला, अगदी सहज. मला वाटलं परत फिरावं.

दिवसभर मी तिच्या बाकाकडे गेलो नाही, पण बघत होतो. गठ्ठा संपला की शिक्षक प्रत्येक पेपरच्या गुणांची बेरीज करून यादीत लिहीत. ती बेरीज करायची आणि पेपर शेजारच्या बाईंकडे सरकवायची. त्या बघून मान हलवायच्या. मग ती तोच पेपर मागच्या बाकावर द्यायची. दोघींनी बघितल्याशिवाय ती यादीत आकडा लिहीत नव्हती. सात आणि पाच, चार आणि सहा, असल्या बेरजा. शेजारच्या बाई एकदा वैतागून म्हणाल्या, अहो, तुम्ही गणिताच्या ना? ती म्हणाली, म्हणून तर.

संध्याकाळी यादी द्यायला माझ्या टेबलापाशी आली. पुठ्ठ्यावर टाचलेल्या कागदावर तिचं ते जुनं, सरळ अक्षर. म्हणाली, "शेवटची बेरीज एकदा बघून घे ना. मला सवयच लागलीये. माझा हात कधी दगा देईल सांगता येत नाही. तुला माहीतच आहे."

मी बेरीज केली. सावकाश, दोनदा. तोवर ती समोर उभी होती, घामानं ओली झालेली बाही झटकत. सांगायची वेळ हीच होती. वर्ग जवळजवळ रिकामा होता. मी मान वर केली, आणि मला दिसलं की ती खरोखरच घाबरलेली आहे, त्या एका बेरजेसाठी. ती भीती माझीच होती. मी तिला दिलेली. मी आता सांगितलं तर ती काय करेल, कुणाला सांगेल, माझ्या जागेचं काय होईल, हे सगळं मनात येऊन गेलं, आणि त्यात ती कुठेच नव्हती.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"नशीब," ती म्हणाली आणि गेली.

पुढची जवळजवळ पन्नास वर्षं मी लिहीत नाही. लिहिण्यासारखं त्यात काही नाही. निवृत्त झालो, सर गेले, पत्नी गेली. गेल्या वर्षी त्या जुन्या मैत्रिणीचा पत्ता मिळाला, ती अजून त्याच गावठाणात होती. मी तिला सात पानी पत्र लिहिलं. सुटलेलं पद कुठे होतं ते, जाळलेला कागद, दाराजवळून दिसलेली न ओढलेली कळ, काही लपवलं नाही. पत्र टाकल्यावर दारावर कुणी आलं की मी आधी खिडकीतून बघायचो, या वयात.

बारा दिवसांनी तिचा फोन आला. आवाज म्हातारा झालेला, पण बोलणं तेच. म्हणाली, पत्र चार वेळा वाचलं. सिद्धतेतला तो भाग समजायला दोन दिवस लागले, आता सवय राहिली नाही.  

"मला एकटीला कळवून मोकळा झालास होय रे?" ती म्हणाली. "मला तेव्हा कळायला हवं होतं. आता ज्यांच्यासमोर जुळत नाही म्हणालास, त्यांच्यासमोर जुळतं म्हण."

मी म्हटलं, सर नाहीत आता. ती म्हणाली, मग जो आहे त्याच्यासमोर म्हण. आणि लिही. नीट लिही.

जो आहे तो म्हणजे आमच्यातला तिसरा, बोरिवलीला मुलाकडे राहतो. मी रिक्षानं गेलो.  त्याला आता फार कमी ऐकू येतं. खूप आनंदला बिचारा. जुन्या गोष्टी निघाल्या. मी तिचं नाव घेतलं तर चटकन आठवेना. मग म्हणाला, "हां, ती होय! चुकीच्या आकड्यांची."

पन्नासहून जास्त वर्षांनी तिच्याबद्दल त्याच्यापाशी एवढंच उरलं होतं.

मी म्हणालो, तिचे आकडे बरोबर होते. त्यानं कानाशी हात नेला. मी पुन्हा म्हणालो. तो म्हणाला, "मोठ्यानं बोल रे, कानाचं यंत्र चार्जिंगला लावलंय." बाहेरच्या खोलीत त्याचा मुलगा होता, स्वयंपाकघरात सून होती. आयुष्यभर जे मी स्वतःशी पुटपुटलो नव्हतो ते मला ओरडून सांगावं लागलं. तिचे आकडे बरोबर होते. माझे तिच्याशी जुळले होते. मी खोटा कागद केला. तिची कळ ओढायची राहिली ती मी बघितली आणि गप्प बसलो. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. मुलगा दारात येऊन उभा राहिला.

 मला वाटलं, तिसरा आता शिव्या देईल. त्याचा चेहरा हळूहळू पडत गेला.

"मी हसलो होतो रे तिला," तो म्हणाला. "ती यंत्रावर बसलेली असताना."

 त्यानं मुलाकडे हात केला आणि फोन मागितला. मग मला म्हणाला, नंबर सांग तिचा. मी सांगितला. मुलानं लावून दिला आणि त्याला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. रिंग वाजत होती तोपर्यंत मी उठायच्या बेतात होतो, काठी हातात घेतलीसुद्धा होती. पलीकडून ती म्हणाली, "कोण बोलतंय?"

मी काठी खाली ठेवली आणि बसून राहिलो.